किती फेऱ्या झाल्या, बाई?

डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला चार ओळी होत्या. टाके ओले करू नका. मऊ भात आणि ताक. जड उचलू नका. चौथी ओळ कुणीतरी पेनाने घाईत लिहिलेली होती : ‘भरपूर विश्रांती’. भरपूर म्हणजे किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या तीन ओळी मी वाचल्या. चौथी आमच्या अख्ख्या घराने पाठ केली.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं पी.टी. शिकवली. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि पावसाळा सोडला तर रोज सकाळी मैदानावर. मुलं मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. निवृत्तीनंतर दीड वर्षात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. जवळच्या गाठींपर्यंत पोहोचलेला, म्हणजे तिसरी पायरी. ऑपरेशन झालं आणि मी घरी आले ती थेट पलंगावर. धाकट्या जाऊबाई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईनात. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा आणि जाताना ‘ताई, नुसतं पडून राहा’ असं सांगून जायचा. पाच आठवड्यांत माझ्या मांड्यांचं काय झालं ते मी आंघोळीच्या वेळी पाहिलं. पाटावरून उठताना मोरीच्या नळाला धरावं लागलं. मुलींना एका वेळी पन्नास उठाबशा काढायला लावणारी मी, मला एक जमेना.

यात कुणाची चूक होती असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे आजारी माणसावर माया करायची म्हणजे त्याला उठू द्यायचं नाही. आणि डॉक्टरी शास्त्रही बराच काळ तेच सांगत आलं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर या परिचारिका-संशोधकांनी १९८०च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या बायकांना आठवड्यातून तीन वेळा जागच्या सायकलीवर बसवलं, तेव्हा रूढ सल्ला विश्रांतीचाच होता. दहा आठवड्यांनी त्या बायकांचा दम वाढलेला निघाला. हे सुरू केलं ते परिचारिकांनी, याचं मला नवल वाटत नाही. रुग्ण पलंगावरून उठून संडासापर्यंत कसा जातो हे तपासणीच्या खोलीत बसलेल्याला दिसत नाही, त्याला धरून नेणारीला दिसतं.

माझी केमो सुरू झाली डिसेंबरात. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, मग चौदा दिवस गोळ्या, अशी आठ सायकलं. त्या सलाईनचा एक गुण असा की थंडी सोसत नाही. फ्रिजच्या दाराला हात लावला की बोटांत करंट मारल्यासारखं होतं. साताऱ्याच्या थंडीत सकाळी नळाचं पाणी म्हणजे शिक्षाच. स्टीलचा पेला मी रुमालात गुंडाळून धरायची. चौथ्या सायकलनंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायात आहे की निसटली ते खाली बघितल्याशिवाय कळेना.

अशातच एका रविवारी फोन आला. माझी एक विद्यार्थिनी, खो-खोत उत्तम पळायची, आता पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माझ्या आजारपणाचं वाचलं होतं. तब्येतीची चौकशी वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न : “बाई, दिवसात किती चालता?”

“अगं, खोलीतून संडासापर्यंत.”

“किती फेऱ्या होतात? मोजा आणि मला सांगा. पुढच्या रविवारी फोन करते.”

एकदा उशिरा आली म्हणून मी तिला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो हिशेब तिने चुकता केला, असं मी तिला अजून म्हणते.

तिने मला आधी नियम दिले. ताप असेल तर चालायचं नाही. चक्कर, छातीत दुखणं, कुठूनही रक्त दिसलं, तर चालायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. सलाईनच्या आधी रक्ताचा रिपोर्ट येतो त्यातलं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तिला कळवायच्या. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपतच वेग. सुरुवात ओसरीवर, दोन मिनिटं चालणं आणि एक मिनिट बसणं. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठणं-बसणं, आणि भिंतीला हात टेकून जोर. मुंग्या आहेत तोवर बूट घालूनच, एकटीने बाहेर जायचं नाही. पुढे ती रविवार-आड फोन करायला लागली.

एकटीने बाहेर न जाण्याचा हा नियम मी मोडला. पाचव्या सायकलच्या आधी तीन-चार दिवस बरं वाटत होतं. घरातले लग्नाला गेलेले. मी उठले आणि ‘चार भिंती’ स्मारकाच्या दिशेने चढायला लागले. अजिंक्यताऱ्याच्या अंगावरची ती वाट मी हजार वेळा चढले असेन. अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला कठड्याला धरून बसले. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.१ होतं. मग काय, ‘सांगितलं होतं ना’ या एका वाक्यावर आमच्या घराने पुढचा महिना काढला. विद्यार्थिनीही रागावली, पण तिचं रागावणं वेगळं होतं. “चढलात म्हणून नाही बाई, रिपोर्ट यायच्या आधी चढलात म्हणून.”

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि या लेखाचं कारणही तोच आहे.

जून २०२५मध्ये तिने फोनवर मला एक बातमी वाचून दाखवली. शिकागोच्या कॅन्सर परिषदेत ‘चॅलेंज’ नावाच्या चाचणीचे निकाल मांडले गेले, त्याच वेळी ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापूनही आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, बहुतेक तिसऱ्या पायरीचे, म्हणजे माझेच भाईबंद. ऑपरेशन आणि केमो पुरी झालेले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली, एकूण सहा देशांतली ५५ केंद्रं. २००९मध्ये सुरू झालेलं हे काम. किंग्स्टनचे कॅन्सरतज्ज्ञ ख्रिस्तोफर बूथ आणि एडमंटनचे व्यायामशास्त्रज्ञ केरी कोर्निया हे त्यातले प्रमुख. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम करायचा. व्यायाम तरी काय, आधीपेक्षा जास्तीचा, आठवड्याला तीन-चारदा पाऊण ते एक तास झपझप चालण्याइतका. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेले चालणाऱ्यांत शंभरात ८०, दुसऱ्या गटात ७४. आठ वर्षांनी जिवंत असलेले एकीकडे शंभरात ९०, दुसरीकडे ८३.

सगळ्या वर्तमानपत्रांनी हे आकडे छापले आणि वर मथळे दिले की व्यायाम हे फुकटातलं औषध आहे. मला त्या मथळ्यांचा राग आला. ते मथळे लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या गटाला काय दिलं होतं ते नीट वाचलं नसावं. त्या गटालाही व्यायामाचे फायदे सांगितलेले होते. त्यांच्या हाती आहार-व्यायामाची माहिती देणारी छापील पुस्तकं दिली होती. म्हणजे व्यायाम करावा हे दोन्ही गटांना ठाऊक होतं. पहिल्या गटाला जास्तीचं काय मिळालं? एक माणूस. पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला भेटणारा, पहिले सहा महिने तर समोर उभं राहून व्यायाम करवून घेणारा, आणि पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा ‘किती झालं, का नाही झालं, गुडघा दुखतोय तर मग पोहता येतं का’ असं विचारणारा.

तेहतीस वर्षं मी हेच केलं, म्हणून मला ते लगेच दिसलं. फळ्यावर ‘व्यायाम करा’ लिहून एकही मूल धावत नाही. शिट्टी घेऊन कुणीतरी उभं राहावं लागतं. चालायला सांगणं फुकट आहे, चालवून घेणं फुकट नाही. त्याला पगार लागतो. आपल्या रुग्णालयांत ‘जरा फिरत जा’ असं दारातून बाहेर पडताना सांगतात, त्याची किंमत त्या पुस्तिकेएवढीच.

पैशांच्या प्रश्नापाशी येऊन बाहेरचे देशही अडखळलेत. ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये जाहीर केलं की व्यायाम हा कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांचाच भाग हवा. उत्तम. पण तिथली सरकारी योजना जुनाट आजाराच्या रुग्णाला व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञांच्या वर्षाकाठी पाच भेटींचे पैसे देते, आणि त्या पाचांत फिजिओपासून आहारतज्ज्ञापर्यंत सगळे आले. फ्रान्सने कायदा केला, मार्च २०१७पासून डॉक्टर दीर्घ आजाराच्या रुग्णाला चिठ्ठीवर व्यायाम लिहून देऊ शकतात. चिठ्ठी मिळते, पैसे सरकारी विमा सहसा देत नाही. त्यातल्या त्यात शहाणे जर्मन. तिथे डॉक्टरने लिहून दिलं तर आरोग्य विमा दीड वर्षात पन्नास वेळा गटाने व्यायाम करण्याचा खर्च उचलतो, आणि हे वर्ग पुष्कळदा गावातल्या क्रीडा मंडळांतच भरतात. रुग्णाला रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही. डेन्मार्कमध्ये तर प्रोस्टेट कॅन्सरचं हार्मोनचं औषध चालू असलेल्या पुरुषांचे फुटबॉल संघच उतरवले. मनातलं बोलायला या म्हटलं असतं तर यातले किती आले असते कोण जाणे, चेंडू टाकला तसे आले. आपल्या पारावरच्या मंडळींना हे कळायला हरकत नाही.

डेन्मार्कमधल्याच, कोपनहेगनच्या एका चाचणीत केमो चालू असलेल्या २६९ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना सहा आठवडे, आठवड्याला नऊ तास, वजनं उचलण्यापर्यंतच्या व्यायामाचा कार्यक्रम दिला. त्यांचा थकवा कमी झाला. थकव्यावर उपाय हालचाल, हे आमच्या जाऊबाईंना पटवणं मात्र अजून बाकी आहे.

आता वजन उचलण्याबद्दल. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या आणि काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला आपल्याकडे सांगतात, त्या हाताने काही उचलू नको, हात सुजेल. माझ्या ओळखीत कोरेगावकडची एक शेतकरीण आहे. तिला हेच सांगितलं होतं. ती काय करत होती? हंडा उचलतच होती, भारा उचलतच होती, कारण दुसरं कोण उचलणार? फक्त आता प्रत्येक वेळी जीव मुठीत धरून. ‘उचलू नका’ हा सल्ला घरात कामाला माणूस असलेल्यांपुरता आहे. १९९६मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेंझी नावाच्या डॉक्टरने अशा चोवीस बायकांना लांबलचक ड्रॅगन बोटीत बसवून वल्ही हातात दिली, कारण वल्हवण्यात वरचं अंगच कामाला लागतं. हात सुजतील ही भीती खरी ठरली नाही, आणि आज जगभर असे संघ आहेत. पुढे २००९मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांपैकी सुमारे निम्म्यांना अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून, हातावर दाबपट्टी बांधून, शिक्षकाच्या देखरेखीखाली वजनं उचलायला शिकवलं. सूज वाढली नाही, उलट सूज उसळून येण्याचं प्रमाण वजनं न उचलणाऱ्यांत २९ टक्के, तर उचलणाऱ्यांत १४ टक्के निघालं. इथेही तो शिक्षक आलाच.

कोरेगावच्या बाईने मला सरळ विचारलं होतं, “बाई, मी दिवसभर खुरपते. मला आणि व्यायाम कशाला?” याचं उत्तर मला पटकन सुचलं नाही. खुरपणं हे वाकून, एकाच अंगाने, पोटात काही नसताना चालतं, दम लागला म्हणून थांबता येत नाही. त्याला व्यायाम म्हणायला माझी जीभ धजत नाही. आणि तिने ते करू नये असं सांगायला मी कोण? तिच्या बाबतीत आम्ही एवढंच ठरवलं, माझ्या विद्यार्थिनीला विचारून, की ऑपरेशनच्या बाजूचा हात रोज वर-खाली करायचा, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरुवात करायची, आणि हंडा भरण्याऐवजी कळशी. ‘चॅलेंज’मधले रुग्ण पोटभर खाणारे, औषधोपचार पुरे झालेले, घरी जायला घर असलेले होते. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर प्लास्टिक अंथरून केमोच्या तारखेची वाट बघणाऱ्याला आधी छप्पर आणि जेवण लागतं. त्याला पावलं मोजायला सांगण्याइतकी मी निर्लज्ज नाही.

आणखी काही गोष्टी नीट सांगायला हव्यात, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर माझ्याच नावाने काहीतरी फिरेल. ‘चॅलेंज’मधले हे सगळे रुग्ण ऑपरेशन आणि केमो करून मग चालले, त्याऐवजी चालले नाहीत. आणि चालणाऱ्या शंभरातल्या वीस जणांना पाच वर्षांच्या आत वाईट बातमी आलीच. ते काही आळशी नव्हते. आमच्याच गल्लीत एका गृहस्थांचा रोग उलटला तेव्हा एक बाई म्हणाल्या, “फिरायला कुठे जायचे ते.” असं बोलणाऱ्याच्या हातातून ती आकडेवारी काढून घ्यावी. शिवाय त्याच चाचणीत स्नायू-हाडांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत १८.५ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ११.५. म्हणजे दुखापती होतात. हाडांत रोग गेलेल्याला तर काय करायचं आणि काय नाही हे जाणत्याने बघूनच सांगायला हवं. हे बघायला पुन्हा माणूसच लागतो.

तो माणूस आणायचा कुठून? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या साडेआठशे बायकांवर योगाची चाचणी केली, २०२२मध्ये तिचे निष्कर्ष अमेरिकेत मांडले. तिथे प्रशिक्षित शिक्षकांनी वर्ग घेऊन योग शिकवला. म्हणजे इथे जमत नाही असं नाही. पण प्रत्येक जिल्ह्यात टाटा नाही. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला असला तर असतो, आणि त्याच्या दाराशी कंबरदुखीवाल्यांची रांग. पण तालीम कुठल्या गावात नाही? नगरपालिकेच्या बागांत ओपन जिमची यंत्रं उभी आहेत, त्यांवर दुपारी पोरं लोंबकळतात आणि पावसाळ्यात ओढण्या वाळत असतात. आणि पी.टी.चे निवृत्त शिक्षक किती आहेत! सकाळी पाचला जाग येणारी, हाताशी काम नसलेली, हुकूम सोडायची सवय न सुटलेली ही फौज आहे. फिजिओथेरपिस्टनी आम्हाला दोन महिने शिकवावं, कधी थांबवायचं ते आधी शिकवावं. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर ‘भरपूर विश्रांती’च्या जागी किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा आणि कुणाच्या देखरेखीखाली, ते लिहावं. प्रत्येक रुग्णामागे एक वही आणि पंधरवड्याला एक फोन. ऑपरेशनचं, केमोचं, रेडिएशनचं पॅकेज सरकार देतं, त्यात या फोनचं बसवावं. आणि मानधन द्यावं, थोडं का होईना. सेवाभावाने सुरू झालेली कामं गणपतीत सुरू होतात आणि दिवाळीला बंद पडतात, हे मी समित्यांवर बसून पाहिलंय.

माझी केमो संपल्याला आता बरेच महिने झाले. तळपायाच्या मुंग्या पुरत्या गेल्या नाहीत, डाव्या पायाच्या दोन बोटांत अजून आहेत. चार भिंतींपर्यंत जाते, न थांबता, पण कुणाला तरी बरोबर घेऊन. विद्यार्थिनीचा फोन आता महिन्यातून एकदा येतो, आणि पहिला प्रश्न तोच असतो.

मी स्वतः सध्या दोघींना फोन करते. गेल्या रविवारी कोरेगावला लावला तर तिच्या मालकांनी उचलला.

“ती पडलीय जरा. म्हटलं असू दे, आराम करू दे.”

“ताप आहे का?”

“नाही.”

“चक्कर? हात लाल झालाय? दुखतोय?”

“तसं काही नाही बाई, कंटाळा आलाय म्हणते.”

“मग उठवा तिला.”